आप्पांच्या गाडीचा उशीर

आधी नाव घेतो, मग बाकीचं. शैलाताई. दौंडला स्टेशनाकडून बाजारात जाताना त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान लागतं. स्क्रू-ड्रायव्हर कसा धरायचा हे मला त्यांनी शिकवलं आणि तो कधी खाली ठेवायचा हेही त्यांनीच शिकवलं. दुसरं जास्त अवघड होतं, अजूनही आहे.

माझं गाव पार पूर्वेला, वडशाच्या पुढे, जंगलाच्या कडेला. शाळा नववीत सुटली. सुटली म्हणजे मीच सोडली, कुणी काढलं नव्हतं. गावातल्या पोरांबरोबर शिरूरकडच्या एका कारखान्यात ठेक्यावर लागलो, वायरींचे जुडगे बांधायला. ठेका संपला, पोरं दुसऱ्या ठेकेदाराकडे गेली आणि मी गावाकडे निघालो. गाडी दौंडला धरायची होती. तिकीट काढायला म्हणून ताईंच्या दुकानात शिरलो. त्यांनी कॉम्प्युटरवरून तिकीट काढून हातात दिलं आणि म्हणाल्या, "गाडीला टाइम हाय ना? मग हे जरा धर."

टॉर्च होता. समोर एका कॉम्प्युटरचा डबा उघडा पडलेला, ताई आत काहीतरी बसवत होत्या. मी उजेड धरला. उजेड धरता धरता हे काय, ते काय विचारत राहिलो आणि त्या मान वर न करता सांगत राहिल्या. स्टेशनावरची घोषणा दुकानापर्यंत ऐकू येते. माझ्या गाडीचं नाव पुकारलं. ताईंनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी टॉर्च खाली ठेवला नाही. त्यांनी पुढचा स्क्रू उचलला. गाडी गेली, मी ताईंकडेच कामाला राहिलो. ते तिकीट अजून माझ्या पाकिटात आहे.

आता धंद्याबद्दल दोन शब्द, म्हणजे पुढचं समजायला बरं पडेल. कॉम्प्युटरच्या पोटात एक हिशेबनीस असतो आणि एक चित्रकार. पत्रं टाइप करायला, बिलं काढायला हिशेबनीस पुरतो. गेम खेळायचा म्हटलं की चित्रकार लागतो. डोळ्याची पापणी लवेपर्यंत त्यानं कितीतरी चित्रं काढायची, तेव्हा कुठे पडद्यावरची गाडी सरळ पळताना दिसते. चित्रं कमी पडली की गाडी अडखळते. या चित्रकाराला ग्राफिक्स कार्ड म्हणतात. गेमिंगच्या कॉम्प्युटरमध्ये सगळ्यात महागाचं तेच, त्यामुळे कशानंही कॉम्प्युटर कुरकुरला की गिऱ्हाईक दारातूनच सांगतं, "कार्ड बदलायचंय. मोठं टाका."

ताईंच्या जागी दुसरं कुणी असतं तर टाकलंही असतं. पण त्यांच्या दोन रीती होत्या. पहिली, पार्ट विकायच्या आधी गिऱ्हाइकाच्या घरी जायचं आणि हात मागे बांधून बसायचं. अक्षरशः मागे बांधून. गिऱ्हाईक रोज जसं खेळतं तसं त्याला खेळू द्यायचं, आपण बोट लावायचं नाही. ताई म्हणायच्या, "हात मोकळा असला की डोळा आळशी होतोय."

दुसरी रीत म्हणजे 'पाहुणा'. दुकानात एक चांगलं दमदार कार्ड होतं. ते विकायचं नाही. जुन्या टॉवेलात गुंडाळून डब्यात ठेवलेलं असायचं आणि गिऱ्हाइकांच्या घरी मुक्कामाला जायचं. चार दिवस लावून बघा, फरक पडला तर तसलं नवीन घ्या, नाही पडला तर पाहुण्याला परत पाठवा आणि दुखणं दुसरीकडे शोधू. एकजण त्याच्या प्रेमात पडला आणि हेच द्या म्हणून हटून बसला. ताई म्हणाल्या, "पाहुण्याला कोण विकतं व्हय?"

खुटबावला एका शेतकऱ्याच्या पोरानं असंच कार्डासाठी घर डोक्यावर घेतलं होतं. गेम सुरू केला की थोड्या वेळात कॉम्प्युटर भट्टीसारखा तापायचा आणि चित्र रांगायला लागायचं. आम्ही पाहुणा घेऊन गेलो. पाहुणाही तापला. तेव्हा ताईंनी मान फिरवून खोलीची खिडकी बघितली. खिडकीबाहेर पोल्ट्री. डबा उघडला तर आतल्या पंख्याला कोंबड्यांच्या पिसांनी नुसती रजई शिवलेली! त्याचा बाप हसून हसून खोकायला लागला. ताई पोराला म्हणाल्या, "कार्ड राहू दे. कॉम्प्युटरला दुसऱ्या खोलीत न्या, हितं कोंबड्याच राहू द्या." अर्थात ज्याला खरंच गरज असेल त्याला 'घ्या' म्हणून त्या स्वतः सांगायच्या. पण 'नको' म्हणून सांगितलेली काही गिऱ्हाइकं रागावून पुण्याला जायची आणि तिथून घेऊन यायची. त्याचं मला वाईट वाटायचं. ताईंना वाटत असेल तर त्यांनी कधी दाखवलं नाही.

पुढे त्यांनी शिरूरला एसटी स्टँडजवळ एक छोटा गाळा घेतला आणि मला तिथे बसवलं. माझ्यासारख्या घाबरटाच्या हातात किल्ली. शटरला कुलूप लावून चार पावलं गेलो की मी परत येऊन ते ओढून बघायचो. शेजारचा रसवंतीवाला म्हणायचा, "तुझं कुलूप चोरानं न्हाई, तूच तोडशील एक दिवस."

तिथेच मला आप्पा भेटले.

पहिला फोन त्यांच्या मुलाचा आला, पुण्याहून. "वडील गेम खेळतात. गाडी अडकते म्हणतात. तुमच्याकडचं सगळ्यात मोठं कार्ड लावून टाका, विचारत बसू नका." वडील गेम खेळतात हे ऐकून मला वाटलं चाळिशीतला माणूस असेल. गेलो तर सत्तरीकडे झुकलेले आप्पा. जन्मभर एसटीचे ड्रायव्हर. निवृत्तीनंतर अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. औषधांनी पाय उचलायला लागला, हात मात्र लोंबायचा. मुलानं टेबलाला आवळून बसवायचं स्टेअरिंग, पायात ब्रेक-ॲक्सिलरेटर आणि बस चालवायचा गेम असं सगळं आणून दिलं. कुणा हौशी माणसानं त्या गेममध्ये आपल्याकडची लाल गाडी आणि घाटाचे रस्ते घातलेले होते.

मी हात मागे बांधून कोपऱ्यात उभा राहिलो. समोर जे चाललं होतं ते मी कुठल्याच गिऱ्हाइकाकडे बघितलं नव्हतं. भिंतीवर मोठा टीव्ही, त्याच्या कोपऱ्याला लिंबू-मिरची. त्याच्यासमोर आप्पा, अंगात खाकी शर्ट. मागे प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या दोन रांगा, मधून जायला वाट. खुर्च्यांवर गल्लीतली म्हातारी मंडळी, एकाच्या मांडीवर बाजाराची पिशवी. आणि दाराशी नाना, आप्पांबरोबर डेपोत असलेले रिटायर्ड कंडक्टर. त्यांनी देवळातल्यासारखी छोटी घंटा चौकटीला टांगून तिला सुतळी बांधली होती.

आप्पांनी किल्ली फिरवल्यासारखं बटण दाबलं. इंजिन घरघरलं. गाडी काही हलेना. मला वाटलं हेच ते अडकणं. तेवढ्यात नानांनी सुतळी दोनदा ओढली, टण् टण्, आणि मग गाडी सुटली. डबल बेल झाल्याशिवाय आप्पा गाडी सोडत नसत, घरातसुद्धा नाही.

काय चालवत होते! वळण यायच्या आधी त्यांचा खांदा वळायचा. समोरून ट्रक आला की मागच्या खुर्च्याही कलायच्या. मी दारातून आलेला परका माणूस, पण घाट सुरू झाला तसा मीही भिंतीला टेकून बसलो. उतार संपला की टोलनाक्याचा आडवा दांडा होता. तिथे आप्पांनी ब्रेक मारला. गाडी थांबली नाही, दांडा उडाला.

"आप्पा, आज पण उडवला," नाना म्हणाले.

"पगारातनं कापत्याल," मागून कुणीतरी.

"पेन्शनीतनं कापा!"

सगळे हसले. आप्पा हसले नाहीत. मंडळी उठून गेल्यावर मला जवळ बोलावून हळूच म्हणाले, "नागपूरकर, एक खरं सांग." वर्ध्याच्या पलीकडचं सगळं त्यांना नागपूरच. "गाडी अडकती का माझा हात अडकतोय? पयलं असं न्हवतं हुत. घाबरू नको, खरं सांग."

मला काय सांगता येणार? उतारावर चित्रं थोडी कमी पडत होती हे मला दिसलं होतं. म्हटलं, "कार्ड असेल आप्पा. पाहुणा लावून बघू."

चहा न्यायला मावशींनी, म्हणजे आप्पांच्या बायकोनं, मला आत बोलावलं. कपात चहा ओतता ओतता म्हणाल्या, "आजारपणानंतर त्यांनी त्या हातानं चमचा धरला न्हाई बाबा. डॉक्टर येऊन दमले, मी रडले, न्हाई धरला. हे चाक आलं, ते धरलं. आता रोज म्हणत्यात, हात परत जायला लागला. कार्ड बदलून बी दांडा उडला तर चाक माळ्यावर टाकणार म्हणत्यात." त्यांनी कप माझ्या हातात दिला. "चाक माळ्यावर गेलं की हात बी गेला, कळतंय ना?"

कळत होतं. बाहेर पडल्या पडल्या ताईंना फोन करून पाहुणा दौंडहून मागवून घेतला.

दुसऱ्या दिवशी पाहुण्याला घेऊन गेलो. लावला. चित्र लोण्यासारखं झालं. झाडांची पानं हलताना दिसायला लागली. "अरं, पाटीवरचं गाव वाचता येतंय," म्हणून मागच्या रांगेत कौतुक सुरू. टण् टण्. आप्पा निघाले. घाट चढले, उतरले. मावशी स्वयंपाकघराच्या दारात पदर धरून उभ्या. टोलनाका आला.

दांडा उडाला.

कुणी पगाराचं बोललं नाही. आप्पांनी डाव्या हातानं उजवा हात चाकावरून उचलला आणि एखादी वस्तू ठेवावी तसा मांडीवर ठेवला. "चला, कळलं," म्हणाले. "तुझं कार्ड सोडव पोरा. बिघाड हिकडं हाय. नाना, त्या चाकाचे स्क्रू ढिले कर."

मी अंगणात येऊन ताईंना फोन लावला. घाबरलो की माझी गावाकडची बोली वर येते. "ताई, ते चाक काढून राहिले जी, आता काय करू?"

ताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "हात मागं बांधून बसला हुतास?"

"हो ताई."

"कुठं बघत हुतास?"

"टीव्हीकडे."

"सगळ्यांसारखंच," त्या म्हणाल्या. "त्यांच्या हाताकडं कुणी बघितलं? चाक काढू देऊ नको. उद्या सकाळच्या गाडीनं येते."

आल्या. आप्पा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेले. मावशींनी विनवलं, नानांनी विनवलं. चाक टेबलाला होतं, कारण नानांनी स्क्रू ढिले करायला म्हणून जाऊन मुद्दाम पान्हा हरवला होता. ताईंनी कुणाला विनवलं नाही. पहिल्या रांगेतल्या पहिल्या खुर्चीवर जाऊन बसल्या, पर्स मांडीवर घेतली आणि मोठ्यानं म्हणाल्या, "कंडक्टर, एक दौंड द्या."

नानांना क्षणभर कळेना. मग त्यांचा चेहरा उजळला. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या जुन्या पानाचा त्यांनी तुकडा फाडला आणि ताईंच्या हातात दिला. मग खाटेकडे वळून म्हणाले, "आप्पा, तिकीट फाडलंय."

आप्पा तसेच पडून राहिले.

"लेडीज प्याशिंजर हाय आप्पा. एकटी हाय. तिकीट फाडलंय मी."

खाट करकरली. आप्पा उठून बसले. "तिकीट फाटल्यावर न्यायलाच लागतंय," असं पुटपुटत, नानांना शिवी देत, पाय ओढत येऊन चाकामागे बसले.

ताईंनी मोबाइल माझ्याकडे दिला. व्हिडिओ अगदी संथ चालतो असा त्यात एक प्रकार असतो, तो लावून दिला. म्हणाल्या, "आप्पांच्या मागं उभा राहा. त्यांचा हात आणि टीव्ही दोन्ही एकाच चौकटीत पाहिजेत." त्या गेममध्ये टीव्हीतल्या बसलाही स्टेअरिंग दिसतं. आपण खरं चाक फिरवलं की तेही फिरतं. मोबाइल हलू नये म्हणून कोपर खुर्चीच्या पाठीला टेकवलं.

नानांनी बेल दिली. ताई म्हणाल्या, "आप्पा, मी 'हां' म्हटलं की झटक्यात डावीकडं घ्या." गाडी चालू लागली. "हां!" आप्पांनी चाक मारलं. बास, तेवढंच. ताईंनी गाडी थांबवायला सांगितलं, मोबाइल आप्पांच्या समोर धरला आणि व्हिडिओ लावला.

संथ व्हिडिओत माणसाचा हात किती सुंदर दिसतो ते मी तेव्हा बघितलं. आप्पांची बोटं आवळली, मनगट वळलं, चाक निघालं.

"हा तुमचा हात. गेला का?"

"गेला."

"आता टीव्हीतलं चाक बघा. झोपलंय." चाक जागचं हललं नव्हतं. खरा हात अर्ध्यावर पोचला होता. "अजून झोपलंय... अजून... आत्ता उठलं बघा."

आप्पा पुढे वाकले. बोटानं मोबाइल दाखवून म्हणाले, "परत लाव." परत लावला. "परत." मावशी ओले हात घेऊन बाहेर आल्या होत्या. आप्पांनी मोबाइल त्यांच्याकडे फिरवला. "माझा हात आधी गेलाय. बघितलास का? मी येळेवर हाय. गाडी लेट हाय!"

दोष टीव्हीचा होता. दोष तरी कसला, स्वभाव म्हणा. टीव्ही आलेलं चित्र लगेच दाखवत नाही. ते थोडं धरून ठेवतो, रंग चढवतो, पावडर लावतो, मग पुढे करतो. मालिका बघताना त्यानं काही अडत नाही, कारण मालिकेला आपण ब्रेक मारत नसतो. पण इथे आप्पा ब्रेक मारायचे तो दांडा दिसल्यावर आणि दांडा दिसायचा तो उशिरानं. मारलेला ब्रेक लागलेला दिसायचा तोही उशिरानं. ताईंनी विचारलं, "पयल्यापासनं याच टीव्हीवर?"

आप्पांनी कपाटाकडे बोट केलं. पहिला छोटा पडदा त्यावर धूळ खात होता. खुर्च्या वाढल्या, मागच्या रांगेला दिसेना, म्हणून मंडळींनीच हट्ट करून वायर काढून हॉलमधल्या टीव्हीला लावली होती.

"म्हंजी आमच्या बसण्यानं गाडी लेट झाली?" नाना म्हणाले.

"व्हय. ओव्हरलोड!" आप्पा म्हणाले, आणि आल्यापासून मी पहिल्यांदा त्यांना मोठ्यानं हसताना बघितलं.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेमसाठी एक वेगळी सोय असते. ती चालू केली की टीव्ही पावडर-बिवडर लावायचं सोडून देतो आणि आलं चित्र तसं दाखवतो. ताईंनी रिमोटवरून ती चालू केली. पुन्हा व्हिडिओ काढला. हात आणि टीव्हीतलं चाक जवळजवळ हातात हात घालून निघाले.

मग ताईंनी एक केलं, जे मी केलं नसतं. मी तिथेच थांबलो असतो, सगळे खूश असताना. त्यांनी मला खाली बसून आप्पांच्या पायाचा व्हिडिओ घ्यायला लावला, पुढच्या गाडीचा लाल दिवा लागतो आणि पाय ब्रेकवर पडतो तेवढ्याचा. तो बघितला आणि आप्पांच्या शेजारी खुर्ची ओढून म्हणाल्या, "आप्पा, तुम्ही खरं सांग म्हणाला हुता. टीव्हीचा उशीर गेला. उरलाय तो तुमच्या पायाचा हाय. थोडाच हाय, पण हाय."

मावशींनी ताईंकडे डोळे वटारून बघितलं. आप्पांनी मात्र मान हलवली. "तेवढा माझा असू दे," ते म्हणाले. "तेवढ्यासाठी मी ब्रेक जरा आधी मारीन. गाडी बघून चालवायची असती. ड्रायव्हर कशाला म्हणत्यात मग?"

टण् टण्. टोलनाक्याच्या दांड्याच्या अलीकडे गाडी उभी राहिली. मधे माणूस मावेल एवढी जागा. मागच्या रांगेतल्या म्हातारबांनी पिशवी उचलली आणि उतरायला म्हणून उठून उभे राहिले.

राहिला प्रश्न कार्डाचा. ताईंनी मला पाहुणा काढून जुनं कार्ड परत बसवायला सांगितलं आणि गेममधल्या सावल्या कमी केल्या. सावल्या काढायला चित्रकाराला फार मेहनत पडते. त्या कमी केल्यावर जुनं कार्डही उताराला अडखळेना. "झाडांच्या सावल्या जराशा कमी दिसतील," ताई म्हणाल्या.

"दुपारची बाराची गाडी हाय म्हणायचं," आप्पा म्हणाले.

मुलाला मी फोन करून सांगितलं की कार्ड नको. त्याचा विश्वास बसेना. आमच्या नव्या गाळ्यातून तोवर एकही मोठं कार्ड विकलं गेलं नव्हतं, आणि हेही गेलं नाही, याची थोडी खंत मला होती. खोटं कशाला बोलू? माझ्या आईला आजही वाटतं की मी टीव्ही दुरुस्त करतो. कितीदा सांगितलं, समजत नाही. त्या दिवशी मात्र तिचंच खरं होतं.

ताईंना सोडायला स्टँडवर गेलो. दौंडची गाडी लागायची होती. बाकावर बसल्या बसल्या मी बरेच दिवस मनात असलेलं विचारलं. "ताई, त्या दिवशी माझी गाडी पुकारली तेव्हा तुम्ही मला ऊठ का नाही म्हणालात? किंवा थांब तरी?"

त्या गाडी येणाऱ्या बाजूला बघत होत्या. "हात मागं बांधून बसले हुते," म्हणाल्या. "तू काय करतोयस ते बघत."

गाडी आली. खिडकीतून हात काढून त्यांनी कॅलेंडरचा तो तुकडा मला दाखवला आणि पर्समध्ये ठेवला. आप्पा अजून रोज गाडी सोडतात. मावशी सांगतात, आता भाजी निवडायलाही बसतात, शेंगा उजव्या हातानं सोलतात आणि उशीर लागला तर म्हणतात, घाट हाय.

ताई, हे तुम्ही वाचाल तेव्हा बहुतेक कुणाचा तरी डबा उघडून बसलेल्या असाल. तुम्ही इतक्या घरांत हात मागे बांधून बसलात, पण सगळीकडे कामासाठी. एक दिवस मी तुम्हाला वडशाच्या गाडीत बसवून माझ्या घरी नेणार आहे. तिथे एकही कॉम्प्युटर नाही. आई तुम्हाला टीव्ही दाखवेल, तोही उघडायचा नाही. नुसतं पाहुणी म्हणून राहायचं. दौंडहून मी एकदा बसलो नाही ती हीच गाडी. दोन तिकिटं मी स्वतः काढीन, आणि नको म्हणायची सोय नाही. तिकीट फाटलं की जावंच लागतं.